तीन लक्षणांची वाट पाहू नका

पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की पित्त तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि दाब वाढला की ते रक्तात उतरतात. पित्तनलिकेचा हा तीव्र संसर्ग वेळीच ओळखला नाही तर जिवावर बेततो. तो ओळखायचा कसा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये तीन खुणा सांगितल्या: थंडी वाजून ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणे. तिन्ही एकत्र दिसल्या तर निदान सहसा चुकत नाही. अडचण अशी, की त्या एकत्र दिसतातच असे नाही. वृद्धांत तर ताप किंवा दुखणे अनेकदा जाणवतही नाही.

टोकियो निकषांनी ही उणीव भरून काढली. २००७ मध्ये ते प्रथम आले, २०१३ मध्ये सुधारले आणि २०१८ मध्ये तसेच कायम राहिले. त्यांत तीन गट आहेत: ताप किंवा रक्तातील दाहाच्या खुणा, कावीळ किंवा यकृताच्या तपासण्यांतील बिघाड, आणि सोनोग्राफी, सीटी यांत दिसणारी फुगलेली नलिका, खडा किंवा अन्य अडथळा. पहिल्या गटासोबत उरलेल्यांपैकी एक असेल तर संशय, तिन्ही असतील तर निश्चिती. पोटदुखी यातून वगळली आहे, कारण ती पित्ताशयाच्या सुजेतही होते.

जपानमधील अभ्यासात शार्कोच्या निकषांनी १०० पैकी सुमारे २६ रुग्णच ओळखले. २०१३ च्या निकषांनी सुमारे ९२. मात्र हा आजार नसलेल्यांना अचूक वगळण्यात शार्को ९६ टक्क्यांपर्यंत सरस, टोकियो ७८ पर्यंतच. म्हणजे नव्या निकषांत काहींवर नाहक संशय येतो. तरीही नाहक संशयाची किंमत बहुधा आणखी तपासण्यांची असते, सुटलेल्या निदानाची किंमत जिवाची.

म्हणून संशय आला की प्रतिजैविके आणि तपासण्या लगेच सुरू व्हाव्यात. दुर्बिणीतून नलिका मोकळी करण्याच्या उपचारात मात्र स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. त्याचा निर्णय निदानाची खातरजमा आणि रुग्णाची अवस्था पाहूनच व्हावा. रक्तदाब घसरत असेल तर तिथेही थांबून चालत नाही.

लहान रुग्णालयात रात्री रक्ततपासणी वा सोनोग्राफी होत नसेल, तर शार्कोच्या खुणा आजही उपयोगी आहेत, पण रुग्णाला तातडीने पुढे पाठवण्यासाठी. त्या नाहीत म्हणून त्याला घरी पाठवण्यासाठी नव्हे. घरच्यांनीही काविळीसोबत थंडी-ताप दिसला तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.