विश्वासू प्रवासी आणि दूरची नोंदणी

परदेश प्रवासात विमानतळावरील इमिग्रेशनची रांग ही सर्वांचीच डोकेदुखी. ती टाळण्यासाठी केंद्र सरकारने २२ जून २०२४ रोजी दिल्ली विमानतळावर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ योजना सुरू केली. १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर तिचा विस्तार झाला. अर्जदाराची आगाऊ पडताळणी होते, बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. पुढे स्वयंचलित दरवाजावर ओळख पटली, की सुमारे अर्ध्या मिनिटात वाट मोकळी! भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांना ही सेवा विनामूल्य आहे. अमेरिकेच्या ‘ग्लोबल एन्ट्री’साठी मात्र ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर मोजावे लागतात.

सेवा विनामूल्य असली, तरी कोल्हापूरकरांना ती सहजसाध्य नाही. उजळाईवाडी विमानतळावरून देशांतर्गत उड्डाणेच होतात. शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी असो वा परदेशातील मुलांकडे जाणारे आई-वडील, त्यांना आधी मुंबई वा अन्य महानगर गाठावे लागते. ठसेही ठरावीक विमानतळांवर किंवा विदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयांतच घेतले जातात. क्वचित प्रवास करणारा त्यासाठी वेगळा हेलपाटा कशाला घालेल? लाभ उरतो तो वारंवार उड्डाण करणाऱ्यांपुरता.

वास्तविक पासपोर्ट काढताना कोल्हापूरच्या सेवा केंद्रात ठसे घेतले जातात, पोलीस पडताळणीही होते. मग या योजनेची नोंदणी तेथेच का होऊ नये? नागरिकावरील सरकारचा विश्वास महानगरांच्या वेशीपाशी थबकू नये, एवढीच अपेक्षा.