पाण्याला विरजण

चाळिशी उलटली की माणसाला चष्मा लागतो, नाहीतर छंद लागतो. मला चष्मा विसाव्या वर्षीच लागला असल्यामुळे दैवाने यंदाच्या उन्हाळ्यात छंद पाठवून दिला. तोही माझा नव्हे, कन्येचा. २००३ साली निघालेला तो 'फाइंडिंग नेमो' नावाचा चित्रपट तिने लहानपणी इतक्यांदा पाहिला आहे, की नववीत गेली तरी नारिंगी अंगावर पांढरे पट्टे दिसले की ती थांबते. मे महिन्यात एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आपण खाऱ्या पाण्यातले मासे पाळू या. प्रवाळासकट!"

मी लगेच होकार दिला. मासे मला आवडतात असे नाही. 'प्रवाळ' हा शब्द आवडतो. आम्हा भाषेच्या मास्तरांची ही जुनी खोड, शब्द गोड लागला की वस्तू आणायला निघायचे. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे पोवळे, आणि कोवळा अंकुरही. जुन्या लोकांना ती वनस्पतीच वाटली असावी. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी. टाचणीच्या डोक्याएवढी, वाटाण्याएवढी तोंडे, भोवती नाजूक शुंडा आणि खाली स्वतःच बांधलेले चुन्याचे घर. पण जुन्यांची अगदीच चूक झाली नव्हती. खडक उभारणाऱ्या प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते, उन्हावर अन्न शिजवते आणि भाड्यापोटी त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानेच अधिक तापला आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर हे भाडेकरू बाहेर पडतात, प्रवाळ पांढरेफटक पडते आणि पुष्कळदा उपासमारीने मरते. १९९८ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवती हेच झाले.

हे सगळे मी जेवताना सांगत होतो. आईने आपल्या बोटातल्या पोवळ्याच्या अंगठीकडे पाहिले. "म्हणजे हे काय आहे रे?"

"हाडंच म्हणायची, आजी," कन्या म्हणाली.

गेली चाळीस वर्षे मंगळासाठी ती अंगठी घालून आई देवपूजा करते आहे. त्या रात्री ती फारशी जेवली नाही. अंगठी मात्र अजून बोटात आहे.

बेत आखण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे गेले, कारण त्या बँकेत आहेत. त्यांनी वहीत पहिला प्रश्न लिहिला : वजन. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलोच्या वर. त्यात काच, दगड आणि खालचे टेबल धरले की अडीचशे किलो. चार धट्टेकट्टे पाहुणे दिवाणखान्यात यायचे आणि कधीच जायचे नाहीत, असा हिशेब झाला. तेव्हा पेटी खिडकीखालून हलून तुळईजवळच्या भिंतीशी गेली. दुसरा प्रश्न पाण्याचा. अलिबागेहून पिंपे भरून आणावीत, ही माझी सूचना कोणी वहीत उतरवलीदेखील नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय काय मिसळलेले असते ते आपण जाणतोच. त्यापेक्षा शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवावे. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे आमच्या पेटीला सव्वापाच किलो. हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे बरेच काही समुद्राच्याच प्रमाणात असते.

पुढे पाणी आटले की खारे पाणी घालायचे, असे मी ठामपणे म्हणालो. "आमटी आटली तर तुम्ही वरून मीठ घालता का?" असे उत्तर आले. वाफ होते ती पाण्याची, मीठ तळाशीच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सापडले असते.

वहीतले आकडे मी इथे देत नाही. एवढेच सांगतो की काचेची पेटी ही त्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू निघाली. दिवे, पाणी खेळवणारे पंप, फेसावाटे घाण काढणारे यंत्र, खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी आणि वीज गेल्यावर हवा सोडणारा बॅटरीचा पंप, ही खरी वरात.

मग आम्ही प्रवाळ पाहायला गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. आतल्या खोलीत एका टाकीत तळहाताएवढा जिवंत तुकडा होता, निळसर जांभळा, वाऱ्याने हलावे तसा हलणारा. मी आयुष्यात इतकी सुंदर वस्तू क्वचित पाहिली असेल. "आपल्याच समुद्रातला ताजा माल आहे, सर," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. किंमतही आवाक्यात होती. माझा हात खिशाकडे गेला, हे कबूल केले पाहिजे.

कन्येने माझी बाही ओढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा घातले आहेत, हे तिने आधीच वाचून ठेवले होते. वाघ आहे त्याच परिशिष्टात.

"अगं, एवढासा तर तुकडा," मी म्हणालो.

"वाघाचं एवढंसं पिल्लू चालेल का मग?"

आम्ही तसेच परतलो. बसमध्ये दोघेही बोललो नाही. ती रागावली होती दुकानदारावर, आणि मला वाटते, थोडीशी माझ्यावरही. तो तुकडा त्या टाकीतच राहिला, म्हणजे वाचला असे नाही, हे दोघांनाही कळत होते.

त्या रात्री मला फिलिप हेन्री गॉस आठवला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यामागे त्याची मेहनत होती, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकाने घरोघरी समुद्राच्या पेट्या मांडल्या गेल्या. त्याचा मुलगा एडमंड लहानपणी बापाबरोबर डेव्हनच्या खडकांतली डबकी धुंडाळत असे. या मुलाने १९०७ साली 'फादर अँड सन' मध्ये लिहून ठेवले आहे की वडिलांची पुस्तके वाचून आलेल्या हौशी लोकांनी ती डबकी ओरबाडून ओस पाडली. समुद्रावर प्रेम करायला शिकवणाऱ्याच्या हातूनच हे घडले. एम. ए. ला असताना हे पुस्तक मी शैलीसाठी वाचले होते!

तेव्हा ठरले ते असे : प्रवाळ नाही. सच्छिद्र कोरडे दगड, आणि दोन पट्टेवाले मासे. तेही समुद्रातून पकडलेले नव्हेत, टाकीत जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या माशांची पैदास बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र बसवले आहे. हे मासे सगळे नर म्हणून जन्मतात; जोडीतला थोरला मादी होतो, आणि ती मेली तर उरलेला नर मादी होतो. म्हणजे त्या चित्रपटातल्या बापाची खरे तर आई व्हायला हवी होती. मी वीस वर्षे वर्गात लिंगविचार शिकवतो आहे. मासा आणि मासोळी यांतला फरक यापुढे जरा जपून सांगावा लागेल.

दगडांची रचना कन्येने केली. दरवर्षी दिवाळीत किल्ला करणाऱ्या हाताला बुरूज, भुयार, चोरवाट शिकवावी लागत नाही. नारळीपौर्णिमेच्या दिवशी पाणी भरले. आईने पेटीपुढे नारळही ठेवला. चिमूटभर माशांचे खाद्य टाकले आणि सुरू झाले वाट पाहणे. अन्न कुजून अमोनिया होतो. एक जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरे त्यामानाने सौम्य. हे जंतू दगडांत वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर मासा सोडायचा नाही. आईला हे एका वाक्यात कळले. "विरजण लावलंय ना? मग भांडं हलवू नका."

एकोणिसाव्या दिवशी गणपती आले, पाठोपाठ आरतीला मंडळी. जो तो पेटीपुढे वाकून पाही. "मासे कुठे आहेत?" कन्या गंभीरपणे सांगे, "अजून नायट्राइट आहे." मंडळी मोदकाकडे वळत. एका शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "मेले का हो सगळे?"

हे लिहितो आहे तो अडतिसावा दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी रोजचे आकडे लिहिलेले आहेत. अमोनिया गेल्या सोमवारपासून शून्य आहे. नायट्राइटच्या नळीत काल संध्याकाळी किंचित जांभळी झाक होती. कन्या म्हणते आहे, मी म्हणतो नव्हती. आज दोघे मिळून दिव्याखाली पुन्हा पाहणार आहोत.