गावी निघालात, पण कोणत्या कागदावर?

गेल्या महिन्यात आळंदीतल्या आमच्या कचेरीत एक जोडपे आले. दादा चाकणच्या एका कंपनीतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले. ताई लग्नसराईत मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जाणाऱ्या. दोघेही मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. अठ्ठावीस वर्षे आळंदीत भाड्याच्या एका खोलीत संसार केला, दोन मुली शिकवल्या, उजवल्या. खुर्चीवर बसता बसताच दादा म्हणाले, "जयभीम वकीलसाहेब. आता गावी जाऊन राहायचं म्हणतो. एवढे कागद बघा." आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने सातबारे, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि घडी पडून फाटायला आलेला एक स्टँप पेपर टेबलावर ठेवला.

खरे सांगायचे तर कागद बघण्याआधी आम्ही चमकलो. तीस वर्षे चळवळीत आम्ही एकच गोष्ट सांगत आलो : गाव सोडा, शहर गाठा, शिका. आणि हे जोडपे उलट्या दिशेने निघालेले! आम्ही तसे बोलूनही दाखवले. त्यावर ताईंनी जे सुनावले ते आमच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. "साहेब, भाडं साडेचार हजार, ह्यांची पेन्शन अडीच हजाराच्या आत. तुम्ही सांगा, शहर आम्हाला ठेवतंय का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कामगार पेन्शन योजनेत २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती महिना १००० रुपये. ज्यांच्या घामावर भोसरी, मोशी, चाकणचा पट्टा उभा राहिला त्यांनी हातपाय थकल्यावर त्या पट्ट्यात राहायचे कसे, याचा विचार ना सरकारने केला, ना कंपन्यांनी. इंद्रायणीवर कारखान्यांचा आणि सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो दरवर्षी छापून येतात. त्याच कारखान्यांतून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्या माणसांचे फोटो कोणी छापत नाही.

शहर सोडून खेड्यात गेलेल्या जोडप्यांच्या कहाण्या मात्र आवडीने छापल्या जातात. दिलीप कुलकर्णी यांनी टेल्कोतील अभियंत्याची नोकरी सोडली आणि पुढे पत्नी पौर्णिमाताईंसह दापोली तालुक्यातील कुडावळे गावी जाऊन कमीत कमी गरजांचे जगणे स्वीकारले, 'गतिमान संतुलन' हे मासिक चालवले. अशा माणसांविषयी आमच्या मनात आकस नाही. बोलले तसे वागणारे लोक विरळाच. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. शहरातून आलेल्या जोडप्याला वेशीवर पहिला प्रश्न काय विचारला जातो? कोणाला विचारतात, "शेती कशी करणार?" आणि कोणाला विचारतात, "कुठल्या आळीतले?" ज्याला दुसरा प्रश्न विचारला जातो त्याच्यासाठी साधी राहणी हा निवडीचा विषय कधीच नव्हता. ती त्याच्या बापजाद्यांवर लादलेली होती.

आळंदीत राहून हे आम्ही सांगावे असेही नाही. आळंदीच्या मातीतच याची साक्ष आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई या जोडप्याची कथा वारकरी चरित्रांत सांगितली आहे. काशीला जाऊन संन्यास घेतलेला नवरा गुरूच्या आज्ञेने परत आळंदीला आला, संसाराला लागला. आणि गावाने दोघांना वाळीत टाकले. गावाबाहेर सिद्धबेटावर त्यांना राहावे लागले. मुलांची मुंज नाकारली. देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आईबापांनी ते घेतले, तरी पोरक्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. ही अवस्था ब्राह्मण कुटुंबाची, तीही स्वजातीच्या धर्मपीठाकडून! त्यांच्यातल्याच एकाच्या समाधीपुढे आज लाखो लोक माथा टेकतात. मग ज्यांना गावाने पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेरच ठेवले, त्यांच्या वस्तीची काय कथा?

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले. खेडे हा घटनेचा पाया करा म्हणणाऱ्यांना त्यांनी खेड्यातला कोतेपणा, अज्ञान आणि जातीयता दाखवून दिली. हे भाषण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असते. परंतु त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन विधेयक आणले, ते कशासाठी? वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ सुटावी, पण जमीन मात्र पूर्ण सारा भरून आपल्या माणसांच्या हातात राहावी, यासाठी. गाव सोडा म्हणणारा नेता जमीन सोडा म्हणत नव्हता! पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या, त्या काय शहरातल्या खोलीसाठी? आणि स्वतः बाबासाहेबांनी तळेगाव दाभाड्याला, आमच्या या परिसरातच, मोकळ्या हवेत बंगला बांधला. कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, स्वतःच्या मालकीच्या जागेत. गाव आणि शहर यांच्यातला फरक आम्ही नुसता अंतराने मोजत बसलो. बाबासाहेब तो हक्काने मोजत होते.

अर्थात नुसती जमीन असून भागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भैय्यालाल आणि सुरेखा भोतमांगे यांच्याकडे सुमारे पाच एकर जमीन होती. मुले शिकत होती. त्या जमिनीतून वाट काढण्यावरून गावाशी वाद होता. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना संपवण्यात आले, आणि खटल्यात ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे टिकली नाहीत. वकील म्हणून आम्हाला ही गोष्ट आजही बोचते. खून दिसला, जात दिसली नाही! २०१७ साली भैय्यालालही गेले. गावी निघालेल्या आपल्या कोणत्याही जोडप्याला आम्ही हे लपवून सांगणार नाही.

आता त्या पिशवीतल्या कागदांकडे वळू.

दादांच्या आजोबांची जमीन ही महार वतनाची. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने वतन गेले आणि भोगवट्याची रक्कम भरणाऱ्याला तीच जमीन नव्या अटीवर परत मिळाली. दादांच्या आजोबांनी रक्कम भरली होती, फेरफारावर तशी नोंद आहे. पुष्कळांनी ती भरली नाही. कारण असा काही कायदा आला हेच त्यांना कोणी सांगितले नाही. सव्वादोन एकर, जिरायत. मोठ्या दुष्काळानंतर कधीतरी वडिलांनी गावातल्या एका बागायतदाराकडून उसने पैसे घेतले आणि स्टँप पेपरवर अंगठा दिला. तेव्हापासून तो कसतो. खरेदीखत नोंदणीकृत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नाही. सातबाऱ्यावर नाव अजून मयत वडिलांचेच.

गावात समज असा की बारा वर्षे कसली म्हणजे जमीन आपली. तसे नाही. जो परवानगीने किंवा करारावर कब्जात आला त्याला प्रतिकूल कब्जा सिद्ध करणे फार अवघड जाते. परंतु आपल्या माणसांनीही एक धोका ओळखला पाहिजे : नव्या अटीची जमीन परवानगीशिवाय दिली म्हणजे शर्तभंग झाला, आणि शर्तभंगाचे प्रकरण उभे राहिले तर जमीन सरकारजमाही होऊ शकते. म्हणून तावातावाने अर्ज खरडू नये. आधी वारसनोंद, मग मोजणी, मग कब्जाचा दावा. क्रम चुकला की हातचे जाते.

"ही भानगड नको, दुसरी एकरभर घेऊन टाकू," असे दादा म्हणाले. तिथेही कायदा आडवा येतो. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ज्याच्या नावावर वडिलोपार्जित दोन गुंठे आहेत तो शेतकरी, तो आणखी घेऊ शकतो. आणि ज्याच्या आजोबांना जमीन धरूच दिली नाही तो कायमचा बिगरशेतकरी! त्याच कलमात शेतमजुराला सवलत आहे, पण अठ्ठावीस वर्षे यंत्रावर उभा राहिलेला माणूस शेतमजूर कसा ठरणार? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण योजना २००४ पासून आहे, चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत मिळते. पण ती दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीनांसाठी. आमचे दादा भूमिहीन नाहीत, कारण सातबारा आहे. आणि जमीनवालेही नाहीत, कारण कब्जा नाही. म्हणजे वडिलांची जमीन नावावर झाल्याशिवाय दुसरा मार्गच उरत नाही.

आमचे काही कार्यकर्ते मित्र हे ऐकून रागावले. "तुम्ही समाजाला मागे नेता," म्हणाले. या मित्रांचे स्वतःचे फ्लॅट मोशीला आहेत, ही गोष्ट बाजूला ठेवू. आम्ही त्यांना विचारले : गावातल्या आपल्या वस्तीत आज कोण उरले आहे? म्हातारी माणसे. मोजणीदार येतो तेव्हा बांधावर उभे राहायला कोणी नसते. नोटीस येते ती घराला कुलूप म्हणून परत जाते. वतनाच्या, इनामाच्या, गायरानाच्या किती जमिनी नुसत्या गैरहजेरीत गेल्या! शहरात येऊन आपण शिकलो, वकील झालो, ते योग्यच झाले. पण जाताना मागच्या जमिनीचे कागद कोणी बघितले नाहीत. आमच्या वडिलांनीही नाही, आम्हीही नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हेच दादा-ताई गावी गेले होते. वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ता बंद. चौदा दिवस शाळेत ठेवले. ताई सांगतात, "शाळेत सगळ्यांनाच ठेवलं, त्याचं काही नाही. पण डबा आपल्या वस्तीतूनच यायचा, गावातला डबा आम्हाला चालला नसता का?" एवढे बोलून त्या हसल्या. आम्हाला हसू आले नाही.

कायदे आहेत. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्पष्ट गुन्हा आहे, जमिनीचा बेकायदा कब्जाही. महाराष्ट्राचा स्वतंत्र सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सातशे वर्षांपूर्वी सिद्धबेटावरच्या जोडप्याला हा कायदा नव्हता. पण फिर्याद द्यायला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदाराला रोज त्याच दुकानातून मीठ घ्यायचे असते. म्हणून आम्ही दादांना सांगितले की एकटे जाऊ नका. त्याच गावचे भोसरीत राहणारे तुमचे दोन चुलतभाऊ आहेत, त्यांचीही नावे वारसनोंदीत येतात, त्यांना आधी बसवा. आळंदीची खोली मोजणी होईपर्यंत सोडू नका. घरकुलाची जागा गावठाणात मागा. आणि जमीन नावावर झाली की सातबाऱ्यावर ताईंचे नाव लावा.

या शेवटच्या मुद्द्यावर दादा जरा घुटमळले. "भाऊ काय म्हणतील?" ताईंनी पिशवी स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाल्या, "पोळ्या लाटून भाडं मी भरलंय." विषय तिथेच मिटला.

वारसनोंदीचा अर्ज गेला आहे. पालखी आळंदीहून निघते ती अखेर सोलापूर जिल्ह्यातच पोहोचते. त्याच रस्त्याने पावसाळ्यानंतर या दोघांचा टेम्पो जाईल. सामानात एक कपाट, शिलाई मशीन, बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर. टेम्पो वस्तीपर्यंत जाईल ना, असे आम्ही सहज विचारले. दादा म्हणाले, नाही. डांबरी रस्ता गावठाणापर्यंतच आहे, पुढचे अर्धा किलोमीटर डोक्यावरून न्यावे लागेल. तेव्हा ग्रामपंचायतीकडे रस्त्याचा अर्ज, ताईंच्या सहीने, आम्ही त्याच दिवशी लिहून दिला.