दहा रुपयांची पुडी आणि वर्षाचा हिशेब



घरखर्चाचा विषय निघाला की आपल्या मनात मोठ्या रकमा येतात. शस्त्रक्रिया, घराची दुरुस्ती, नातीचे लग्न. त्यांच्यासाठी घरातील चार माणसे एकत्र बसतात, चौकशी करतात, दोन ठिकाणचे दर विचारतात. दहा रुपयांसाठी मात्र कोणी बैठक बोलावत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात सुटे पैसे पुढे करायचे, पुडी खिशात टाकायची आणि परतायचे, एवढाच तो व्यवहार. तो वहीत लिहिला जात नाही आणि दवाखान्यात डॉक्टरांनाही सांगितला जात नाही. आज या न सांगितलेल्या खरेदीविषयी आपल्याशी बोलायचे आहे, कारण तिचा हिशेब दोन ठिकाणी साठत जातो. एक घराच्या जमाखर्चात आणि दुसरा शरीरात.

प्रथम पैशाचा हिशेब मांडू. कोल्हापुरातील एखाद्या ज्येष्ठ दांपत्याचा साधा दिवस घ्या. समजा, चहाबरोबर दहा रुपयांचा बिस्किटपुडा. आजींची मशेरी आणि आजोबांची तंबाखू मिळून दहा रुपये. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून कापून आणलेल्या दोन गोळ्यांचे दहा रुपये. रात्री जेवण जड वाटले म्हणून पाण्यात टाकताच फेसाळणारी पुडी, तिचे दहा रुपये. दिवसाला चाळीस रुपये झाले. महिन्याला बाराशे आणि वर्षाला १४,६०० रुपये.

ही रक्कम किरकोळ वाटत असेल तर ती निवृत्तिवेतनाशेजारी ठेवून पाहावी. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत १ सप्टेंबर २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १००० रुपये ठरवण्यात आले, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत किंवा साखर कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या अनेकांच्या खात्यावर याच्याच आसपासची रक्कम जमा होते. इचलकरंजीत मागावर आयुष्य काढलेल्या कित्येकांना तेवढीही मिळत नाही. अशा घरात चार किरकोळ वस्तूंचा वर्षाचा खर्च किमान निवृत्तिवेतनाला मागे टाकतो.

येथे विम्याचाही आधार नाही. २०२४ च्या अखेरीस आयुष्मान भारत योजनेत सत्तरी गाठलेल्या सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेतले गेले आणि कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. ही मोठी सोय आहे; कार्ड काढले नसेल तर जरूर काढावे. परंतु ती रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. मेडिकलच्या काउंटरवर रोज मोजलेले सुटे पैसे आपल्याच खिशातून जातात.

आता शरीराचा हिशेब पाहू. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या वस्तू एकमेकींपासून अलिप्त नसतात. पुष्कळदा एका खरेदीच्या पोटी दुसरी जन्माला येते.

गुडघ्याच्या गोळीपासून सुरुवात करू. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वर्गातील वेदनाशामके तात्पुरता आराम निश्चित देतात. परंतु ती जठराच्या आतील अस्तराचे संरक्षण कमी करतात, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटवू शकतात आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात. वयाच्या पन्नाशीत जे निभावते ते पंचाहत्तरीत निभावतेच असे नाही. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना त्यांत ही रोजची भर पडली, तर मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुढची कडी पाहा. या गोळीने जळजळ होते. जळजळ थांबवण्यासाठी फेसाळणारी पुडी आणली जाते. तिच्यातील मुख्य घटक सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. पुडीच्या मागे पाहिले तर त्याचे प्रमाण बहुधा दोन ग्रॅमच्या वर लिहिलेले आढळेल. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे; मिठाच्या भाषेत सांगायचे तर पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान सपाट चमच्यापेक्षा कमी. एका पुडीनेच त्यातील पाव हिस्सा संपतो. लोणचे, पापड, खर्डा आणि मिसळीवरची शेव यांचा हिशेब वेगळा.

गोळीने धरून ठेवलेले मीठ आणि पुडीने घातलेले मीठ, दोहोंचा परिणाम रक्तदाबावर होतो. मग दवाखान्यात दाब वाढलेला दिसतो. रुग्णाने गोळीविषयी आणि पुडीविषयी काही सांगितलेले नसते, म्हणून डॉक्टर रक्तदाबाचे औषध वाढवून देतात. ही तिसरी खरेदी झाली. पाय सुजले तर चौथी. अशा रीतीने दहा रुपयांच्या एका वस्तूमागून औषधांची पिशवी फुगत जाते आणि मूळ दुखणे, म्हणजे गुडघा, जेथल्या तेथे राहतो.

मशेरी आणि तंबाखू यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. तंबाखू भाजून केलेली पूड दातांना लावली म्हणून ती दंतमंजन ठरत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण मशेरी अनेक घरांत न्हाणीघराच्या कोनाड्यात अजून आहे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे, आणि निकोटीन नाडीची गती व रक्तदाब वाढवते. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडताना अडचण असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे.

बिस्किटांविषयी थोडक्यात. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते. शिवाय चहातली साखर आहेच. दोन लहान चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला सुमारे चाळीस ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या घरात. पुड्यावर ‘साखरविरहित’ लिहिलेले असले तरी आत मैदा असतोच, आणि मैद्याची शेवटी रक्तात साखरच होते. मधुमेही वाचकांनी त्या शब्दावर विसंबू नये.

मग करायचे काय? साखळी तोडायची असेल तर पहिली कडी शोधावी. गुडघा दुखतो म्हणून गोळी, गोळीमुळे पुडी. तेव्हा उपाय गुडघ्यावर करावा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा आणि खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. जमिनीवर बसणे टाळावे, भारतीय शौचालयावर ठेवण्याची खुर्ची आणावी, शेक घ्यावा, मलम लावावे. गोळी लागलीच तर कोणती, किती आणि किती दिवस हे डॉक्टरांना विचारून घ्यावी. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित असते. मात्र यकृताचा विकार किंवा मद्यपान असेल तर तीही विचारूनच.

दोन-दोन गोळ्या कापून आणण्याची सवय सोडावी. पाकीट कापले की औषधाचे नाव आणि वापराची मुदत अनेकदा दुकानातल्या तुकड्यावरच राहते, आणि घरात निनावी गोळ्यांचा डबा तयार होतो. कायमची औषधे महिन्याची एकदम, पाकिटासह आणि बिलासह घ्यावीत. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रे आपल्या शहरातही आहेत. तेथील बहुतेक औषधे नामांकित ब्रँडच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. चिठ्ठीवरील घटकाचे नाव आणि मात्रा जुळवून घ्यावी. शंका असल्यास औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात, तेथेही चौकशी करावी.

येथे एक सावधगिरीचा शब्द. बचतीच्या नावाखाली रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची लिहून दिलेली औषधे स्वतःहून कमी करू नयेत किंवा एकाआड एक दिवस घेऊ नयेत. कात्री लावायची ती न सांगता आणलेल्या वस्तूंना. तसेच काही लक्षणांसाठी पुडीची वाट पाहू नये. छातीत जळजळीबरोबर दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. डांबरासारखी काळी शौचास झाली, पायांवर सूज आली, लघवी कमी झाली किंवा जिना चढताना नवी धाप लागू लागली, तर त्याच दिवशी दाखवावे.

काळजीवाहू वाचकांना वेगळी विनंती आहे. ज्यांचे सगळे निर्णय आता मुलगा किंवा सूनबाई घेतात, त्यांच्या हाती उरलेली शेवटची स्वतंत्र खरेदी पुष्कळदा हीच असते. दुकानापर्यंत चालत जाणे, ओळखीच्या दुकानदाराशी चार शब्द बोलणे, स्वतःच्या पैशाने काही घेणे, यात माणसाचा मान असतो. पुडी हिसकावून घेतली तर ती उशीखाली जाते, आणि लपवलेली वस्तू डॉक्टरांपर्यंत कधीच पोहोचत नाही. म्हणून फेरफटका तसाच राहू द्यावा, फक्त पिशवीतली वस्तू बदलावी. बिस्किटांऐवजी चणे-फुटाणे, दात नसतील तर केळे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

वाचलेल्या पैशातून आधी कधीच न घेतलेल्या वस्तू घ्याव्यात. काठीच्या टोकाचे झिजलेले रबर बदलावे. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवावा. पलंगापासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रीचा छोटा दिवा लावावा. अर्ध्या वॉटचा दिवा रोज दहा तास जळला तरी महिन्याला एक युनिटसुद्धा वीज लागत नाही. आणि अंधारात पडून खुब्याचे हाड मोडले तर त्याचा खर्च आणि यातना दोन्ही कुटुंबाला वर्षभर पुरतात.

हे सर्व एकाच दिवशी करण्याची घाई नको. पुढचा अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. एक जुनी वही घ्यावी आणि दुकानातून आणलेली प्रत्येक छोटी वस्तू, तिची किंमत आणि ती का आणली, एवढे तीन रकाने रोज भरावेत. कोणी कोणाला रागवायचे नाही, फक्त लिहायचे. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावे. पंधराव्या दिवशी बेरीज करावी आणि ती वही, घरातल्या सगळ्या सुट्या गोळ्यांच्या डब्यासह, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावी. तपासणीच्या आधी त्यांनी ती पाने चाळली, तर पुष्कळ प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथेच मिळतील.