टक्क्यांवर जाऊ नका!

आपल्या पट्ट्यात, म्हणजे निगडी-भोसरीपासून पार चाकणच्या म्हाळुंगे-खराबवाडीपर्यंत, मोजल्याशिवाय कुणी काही घेत नाही. साधा बोल्ट आला तरी स्टोअरच्या दारात त्याला गेज लागतं. 'गो'ची बाजू गेली पाहिजे, 'नो-गो'ची अडली पाहिजे, नाहीतर माल सरळ लाल बिनमध्ये! आणि दिवसभर हे काम करणारी मंडळी संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात जातात आणि 'ओरिजिनल आहे साहेब' एवढ्या तीन शब्दांवर बॅटरी घेऊन येतात. ना वजन, ना व्होल्टेज. फोनने शंभर टक्के दाखवले की स्वारी खूश.

हा किडा माझ्या डोक्यात सोडला तो चाकणमधल्या एका मित्राने. तो इनकमिंग क्वालिटीत आहे. मायक्रोमीटरशिवाय त्याला झोप येत नाही, असं आम्ही म्हणतो. त्याच्याकडे एक रेडमी टू आहे. आठवतोय? मार्च २०१५मध्ये आपल्याकडे आला, ६,९९९ रुपयांना. मागचं झाकण नखाने निघायचं आणि आत २,२०० एमएएचची बॅटरी. त्याचे अपडेट्स कधीच बंद झाले. पण मित्राने त्यात पोस्टमार्केटओएस टाकलंय. (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच असतं, पण इथे कॉम्प्युटरवर चालतं तसं पुरतं लिनक्स.) २०१७मध्ये ऑलिव्हर स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमरने हा प्रकल्प सुरू केला. फोन दोन-तीन वर्षांत कचऱ्यात न जाता दहा वर्षं चालावा, हा त्यामागचा फंडा.

मित्राच्या घरी हा फोन टीव्हीच्या मागे पडलेला असतो आणि घरातला छोटा सर्व्हर म्हणून काम करतो. फोटोंचा बॅकअप, गाणी, दोन-चार बारीक कामं. लॅपटॉपपेक्षा वीज कितीतरी कमी खातो. आणि सर्वात झकास गोष्ट म्हणजे यूपीएस फुकट! गुरुवारी लाइट गेली की डेस्कटॉप आडवा होतो, फोन चालूच. पण कधी? बॅटरी धड असेल तर. त्याची बॅटरी लाइट जाताच अर्ध्या तासात मान टाकायला लागली. फोन मात्र मरण्याआधी दोन मिनिटं ४० टक्के दाखवत होता.

इथेच सगळा लोच्या आहे. हे ४० टक्के आले कुठून?

बऱ्याच जणांना वाटतं, की फोनमध्ये पेट्रोलच्या टाकीसारखा काटा असतो. काही फोनांत खरोखर तसं काहीतरी असतं. नोकियाचा एन ९०० घ्या, २००९चा, लिनक्सवाल्यांचा आजही लाडका. त्यात बॅटरीतून किती करंट गेला आणि किती आला याचा हिशेब ठेवणारी वेगळी चिप आहे. तिलाही शिकवावं लागतं. नवी बॅटरी टाकली, की एकदा फुल्ल चार्ज करून मध्ये चार्जर न लावता तळापर्यंत उतरवायची, तेव्हा कुठे तिला नव्या बॅटरीचा अंदाज येतो. तोवर ती जुन्याच बॅटरीचं गाणं गात बसते.

रेडमी टूच्या पिढीतल्या स्वस्त फोनांत तो हिशेबनीसही नाही. त्यातली पॉवरची चिप फक्त व्होल्टेज बघते आणि त्यावरून टक्के ठरवते. म्हणजे नळाच्या धारेवरून गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते ओळखायचं! २०१९पासून दिवसाआड पाणी पाहिलेल्या पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की आपली धार बारीक होते, टाकी तेवढीच असली तरी. बॅटरीचंही तसंच. स्क्रीन उजळला, वाय-फाय धावलं की व्होल्टेज खाली बसतं, काम थांबलं की पुन्हा वर येतं. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला अडथळा, म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स, वाढतो आणि हे बसणं इतकं वाढतं, की फोन ४०वरून थेट बंद. टाकीत पाणी आहे, पाइपच चोंदलाय.

लिनक्सची मजा अशी, की हे सगळं ते लपवत नाही. 'सिस' नावाच्या फोल्डरमध्ये 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय' आणि त्याच्या आत बॅटरीच्या छोट्या छोट्या फाइली. एकीत आत्ताचं व्होल्टेज (मायक्रोव्होल्टमध्ये, त्यामुळे ३८ लाख दिसले तर घाबरू नका, ते ३.८ व्होल्ट), काही फोनांत करंट, एकीत टक्के. आणखी एक असते, 'चार्ज फुल डिझाइन'. नवे भिडू ती उघडतात, २२ लाख मायक्रोअँपिअर-अवर बघतात आणि म्हणतात, वा, माझी बॅटरी अजून २,२००ची! अहो, तो आकडा बऱ्याच फोनांत कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेला असतो. आत साबणाची वडी ठेवून फोन चालला असता, तरी २२ लाखच दिसले असते.

मग खरं मोजायचं कसं? मित्राची पद्धत मला भन्नाट आवडली, कारण तिला डोकं लागतं, पैसे नाही. चार ओळींची स्क्रिप्ट. दर मिनिटाला वेळ आणि व्होल्टेज एका फाइलीत लिहायचं. फोन फुल्ल चार्ज, तासभर विश्रांती, मग चार्जर काढायचा, ब्राइटनेस ठरावीक, वाय-फाय बंद, आणि फोन मरेपर्यंत हात लावायचा नाही. पुन्हा चालू केला की फाइलीतली शेवटची ओळ वाचायची. किती वाजता मेला ते तिथे लिहिलेलं असतं. मग दुसरी बॅटरी टाकून तोच फोन, तोच लोड. टक्क्यांचा संबंधच नाही, नुसती घड्याळाची साक्ष.

नवी बॅटरी घ्यायला आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो, शगुन चौकाच्या बाजूला. (तिथे शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर लॉटरीचं तिकीट काढा.) पहिल्या दुकानात मिळाली ती चकचकीत. वर सोनेरी अक्षरांत ३,००० एमएएच.

"भाऊ, याच मापात कंपनीची २,२००ची येते. ही तीन हजार कशी?" मित्राने विचारलं.

"हाय पॉवर आहे साहेब. सहा महिने टेन्शन नाही."

मित्राने खिशातून छोटा काटा काढला. सोनाराकडे असतो तसला, खरंच! दुकानदार बघतच राहिला. मी दुसरीकडे बघितलं, कारण मागे रांग होती. जुनी बॅटरी ठेवली, ४० ग्रॅमच्या आसपास. नवी ठेवली, बरीच हलकी. आता लिथियम बॅटरीत ऊर्जा मावते ती आतल्या मालात, आणि मालाला वजन असतं. त्याच मापात वजन कमी आणि एमएएच जास्त, हे गणित जगात कुठे बसत नाही. तरी आम्ही ती घेतली, कारण रिजेक्ट करायलाही पुरावा लागतो असं साहेबांचं म्हणणं.

दुसरी घेतली ती साध्या लेबलची, पण लेबलवर आयएस १६०४६ आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नंबर असलेली. हा नंबर म्हणजे बीआयएसची नोंदणी, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना ती सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबरही खोटा छापता येतोच म्हणा, पण ॲपमधलं नाव आणि लेबलवरचं नाव जुळलं नाही तर तिथल्या तिथे कळतं.

निकाल? तीन हजारवाली जुन्या बॅटरीपेक्षा जेमतेम थोडी जास्त चालली. साधी लेबलवाली तिच्या दुपटीहून जास्त. मित्राने मग दुसऱ्या पद्धतीनेही खात्री केली, फोनबाहेर. दहा ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर (बुधवार पेठेत चिल्लर पैशांत मिळतो) आणि मल्टिमीटर. ३.८ व्होल्टला त्यातून ३८० मिलिअँपिअर जातो, उतरताना सरासरी ३७०च्या आसपास धरा. धड २,२००ची बॅटरी असेल तर ३ व्होल्टपर्यंत उतरायला जवळजवळ सहा तास लागले पाहिजेत. ३ व्होल्टला थांबायचंच, त्याखाली नेली तर चांगली बॅटरीही बिघडते. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, म्हणून हे सगळं फरशीवर, गादीवर नाही, आणि समोर बसून.

एक बारीक गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही. लेबलवर ३.७ व्होल्ट लिहिलेली बॅटरी ४.२पर्यंत भरायची असते आणि ३.८वाली साधारण ४.३५पर्यंत. फोन ४.३५चा असेल आणि आत ४.२ची टाकली, तर फोन तिला रोज तिच्या पोटापेक्षा जास्त खाऊ घालतो. ती फुगणारच. टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. सपाट बॅटरी अडते, फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते. फिरली की संपलं, मग टेस्ट नाही, दाबणं नाही, टोचणं तर नाहीच नाही.

हे सगळं हौशी लोकांचं खूळ आहे असं वाटत असेल तर थोडं मागे जा. १४ ऑगस्ट २००७. नोकियाने जाहीर केलं, की बीएल-५सी बॅटरीत लोच्या आहे. मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६मध्ये बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, जगभरात अतिगरम झाल्याच्या सुमारे शंभर तक्रारी. आपल्याकडे त्या आठवड्यात लोक रस्त्यात झाकणं काढून बॅटरीमागचे नंबर वाचत होते! तेव्हा निदान नंबर होता, बदलून देणारी कंपनी होती. नाव नसलेल्या सोनेरी अक्षरांना कोण परत बोलावणार?

स्कूटरचंच बघा. आकुर्डीत जिथे जुनी चेतक बनायची तिथे २०२२पासून इलेक्ट्रिक चेतक बनते आणि तिच्यासारख्यांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस १५६ नावाचे नियम आहेत. त्याच वर्षी देशात स्कूटरी पेटल्यावर ते आणखी कडक झाले. आणि त्याच स्कूटरी जोडणाऱ्या पट्ट्यातली ट्रेनी पोरं, एका खोलीत चार-पाच जण, फोन उशाशी चार्जिंगला लावून नाइट शिफ्टची झोप दिवसा काढतात. पगाराचा मेसेज, यूपीआय, गावाकडचा व्हिडिओ कॉल, सगळं त्या एका फोनवर. नवा घ्यायची ऐपत नसते म्हणून बॅटरी बदलतात. मला विचाराल तर लिनक्सवाल्या हौशींपेक्षा तो सोनाराचा काटा यांना जास्त हवा. आता मित्राच्या लाइनवरची पोरं शिफ्ट सुटल्यावर त्याच्याकडे बॅटऱ्या घेऊन येतात. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकण्याआधी दहा मिनिटं, चहाच्या टपरीवर. वजन, आर नंबर, व्होल्टेज, फिरवून बघणं. "गो का नो-गो, सर?" असं विचारतात म्हणे.

जाता जाता, परदेशातून लिनक्सचा पाइनफोन मागवलेल्यांना एक खूशखबर. त्याला २०१५च्या सॅमसंग जे सेव्हनची बॅटरी चालते, म्हणजे शगुन चौकात चार पावलांवर. काटा मात्र घेऊन जा.

मित्राच्या सर्व्हरमध्ये साध्या लेबलवाली बसली. पण चोवीस तास चार्जरला लावून शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर फुगते, आणि त्या रेडमीत ८० टक्क्यांवर थांबायची सोय काही चालेना. म्हणून त्याने चार्जरला टायमरचा प्लग लावलाय, दिवसातून थोडा वेळच चालू. फोनही टीव्हीमागून काढून उघड्या फरशीवर आणलाय, कारण तो नाइटला गेला की घरी आई एकटी असते. तीन हजारवालीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती बाल्कनीत एका मातीच्या कुंडीत ठेवलीये. घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची. कुंडीवर आईने चिठ्ठी लावलीये, 'पाणी घालू नये'.