एक फळी, सारा डोंगर

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्याकडे माणसांस लावतात. पण ती वस्तूंसहि तितकीच लागू पडते. जी वस्तु सर्व कामांस चालेल म्हणून विकली जाते, तिच्याविषयीं जाणत्या गृहिणीच्या मनांत आधीं संशय उत्पन्न होतो, आणि तो बहुधा खरा ठरतो. परंतु त्याच गृहिणीच्या स्वयंपाकघरांत विळी असते. ती भाजी चिरते आणि आपल्या टोंकाच्या खवणीनें नारळहि खवते. दोन्ही कामें चोख करते, आणि तरी तिनें लांकूड तोडावें असें कोणी म्हणत नाहीं. तेव्हां एक वस्तु अनेक कामांस चालावी कीं नाहीं, हा खरा प्रश्न नव्हे. तिची सीमा कोठें आहे हें आपणांस ठाऊक आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय.

या महिन्यांत अशाच एका वस्तूची परीक्षा वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही वस्तु म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची फळी, अर्थात् स्नोबोर्ड. आणि तिच्यांतहि तो प्रकार, जो 'ऑल-माउंटन', म्हणजे साऱ्या डोंगरास चालणारा, अशा नांवानें विकला जातो.

हा विषय आमच्या घरीं आला तो असा. आमच्या थोरल्या पुतणीनें दोन हिवाळे काश्मीरांत गुलमर्ग येथें जाऊन ही विद्या शिकून घेतली, आणि आतां स्वतःची फळी घ्यावी असा तिनें मानस केला. किंमत तिच्या सवा महिन्याच्या पगाराएवढी. पैसा तिचा होता. तथापि मोठी खरेदी चारचौघांत बोलून करावी, ही आमच्या घरची रीत. तिच्या आजीनें विचारलें, "वर्षांतून पंधरा दिवस लागायची ती फळी, आणि तिला एवढे पैसे?" पुतणीचें उत्तर असें, कीं भाड्याची फळी दर दिवशीं निराळी मिळते, आणि जिचा स्वभाव ठाऊक नाहीं अशा फळीवर वेग घेणें धोक्याचें असतें. दोघींचेंहि म्हणणें आम्हांस पटलें. अखेर असें ठरलें, कीं जी फळी घ्यावयाची तीच प्रथम पांच दिवस भाड्यानें घ्यावी, निरनिराळ्या बर्फावर पाहावी, आणि मग काय तें बोलावें. गेल्या माघांत आम्हीहि तिच्यासोबत गेलों. उतरली ती, टिपणें घेतलीं तीं आम्हीं. नवशिक्यांच्या उतारावर आम्हीं स्वतः एकदां प्रयत्न केला, परंतु त्याचें वर्णन वाचकांस उपयोगी पडण्यासारखें नाहीं.

प्रथम फळीची रचना समजून घेऊं. इ. स. १९६५ च्या नाताळांत अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें मुलींच्या खेळासाठीं दोन स्की एकमेकींस जोडून एक फळी केली. आजच्या स्नोबोर्डाची ती आजी म्हणावयास हरकत नाहीं. तिला पाय बांधण्याचे पट्टे नव्हते, पोलादी कड नव्हती. पुढच्या टोंकास एक दोरी काय ती होती. म्हणून ती मऊ बर्फावरच चाले. पुढें पट्टे आले, पोलादी कडा आल्या, आणि टणक बर्फहि फळीच्या आटोक्यांत आलें. १९९८ सालीं जपानांतील नागानो येथें हा खेळ ऑलिंपिकमध्यें प्रथम खेळला गेला. 'सारा डोंगर' ही कल्पना या पोलादी कडेमुळेंच शक्य झाली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या परीक्षेची फळी १४९ सेंटिमीटर लांब होती. पोटांत पॉपलर लांकडाच्या पट्ट्या, त्यांच्या वरखालीं कांचतंतूंचे थर, तळास पॉलिएथिलीनचा गुळगुळीत पत्रा, आणि भोंवतीं पोलादी कड. आकारानें ती डमरूसारखी, म्हणजे दोन्ही टोंकांशीं रुंद आणि मध्यें बारीक. हा बारीकपणा शोभेसाठीं नव्हे. फळी कुशीवर कलवली म्हणजे तिची कड बर्फावर वर्तुळाच्या कंसासारखी टेकते, आणि त्या कंसावरूनच ती वळते. बाजूनें पाहिलें असतां दोन्ही पायांमध्यें फळीस किंचित् वर उचललेली कमान होती, आणि पुढचें टोंक होडीच्या नाळेप्रमाणें लांबून हळूहळू वर गेलेलें होतें. कमान टणक बर्फावर पकड देते; उचललेली नाळ मऊ बर्फांत तरंगते. एकाच फळीनें दोन्ही कामें करावीं, यासाठीं केलेली ही तडजोड आहे; आणि तडजोडींत कोणाचा ना कोणाचा कांहीं भाग कापला जातोच.

गुलमर्गची जागा अशा परीक्षेस फार सोयीची. गांव सुमारें २,६५० मीटर उंचीवर. तेथून तारेवरचा पाळणा निघतो; १९९८ सालीं सुरू झालेला त्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, आणि २००५ सालीं सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारें ३,९०० मीटरांवर नेतो. एवढ्या चढउतारांत एकाच दिवशीं निरनिराळ्या जातींचें बर्फ भेटतें.

पहिल्या दिवशीं सकाळीं कोंगडोरीच्या उतारावर यंत्रानें बर्फ दाबून सारखें केलेलें होतें. नुकत्याच नांगरलेल्या वाफ्याप्रमाणें त्यावर बारीक रेघा उमटल्या होत्या. येथें फळीची वागणूक निर्दोष वाटली. कलवतांच वळे, वळतांना थरथरत नसे, आणि वेग वाढला तरी घाबरवीत नसे. विक्रेत्यानें सांगितलेलें सर्व खरें, असें त्या सायंकाळीं आमचें मत झालें. पहिल्या दिवसाचें मत टिकूं नये, म्हणूनच बहुधा दुसरा दिवस असतो.

रात्रीं आभाळ निरभ्र राहिलें. दिवसां उन्हानें ओलावलेलें बर्फ गोठून सकाळीं कांचेसारखें झालें. तिसऱ्याच वळणावर कड सुटली, पुतणी पडली, आणि सवयीप्रमाणें पुढें केलेल्या हातावर सारा भार आला. मनगटास संरक्षक पट्टा होता म्हणून मुरगळण्यावर निभावलें. स्नोबोर्डावर नवशिक्यांचीं मनगटें वारंवार मोडतात, याकरितां हा पट्टा शिरस्त्राणाइतकाच आवश्यक समजावा.

आम्हीं रागानें फळीस दोष दिला. पुतणीनें मात्र बसल्या जागीं फळी उलटी केली आणि नखाचा पृष्ठभाग कडेवरून आडवा फिरविला. धारदार कड नखाचा बारीक कीस काढते. हिनें कांहींच काढला नाहीं. फळी भाड्यानें देणाऱ्यानें तिला बहुत दिवसांत कानस लावलेली नव्हती. त्या रात्रीं कानस मागून घेऊन दोन्ही कडांस धार दिली, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं तसल्याच बर्फावर पुन्हां पाहिलें. पकड स्पष्टपणें सुधारली. परंतु पूर्ण झाली नाहीं. उतार तीव्र झाला कीं फळी अजूनहि किंचित् घसरे. याचें कारण तिच्या आकारांतच आहे. नाळ वर उचललेली असल्यानें बर्फास टेकणारी कड तेवढी आंखूड होते, आणि टणक बर्फावर लांब कड अधिक धरते. म्हणजे आदल्या दिवशींच्या पडण्यांत दोन दोष मिसळलेले होते. एक निगेचा, जो कानशीनें गेला. दुसरा रचनेचा, जो कशानेंहि जाणार नाहीं. हे दोन वेगळे केल्यावांचून कोणत्याहि वस्तूस चांगली कीं वाईट म्हणणें हा अन्याय होय.

तिसऱ्या दिवशीं दुपारपासून हिमवृष्टि सुरू झाली, ती चौथ्या दिवशीं पहांटे थांबली. गुडघ्याएवढें हलकें, कोरडें बर्फ. जी नाळ काल दोषास्पद ठरली तीच आज फळीस वर उचलून धरीत होती. फर आणि भूर्ज वृक्षांच्या मधून पुतणी उतरली तेव्हां आवाज म्हणून येत नव्हता. मागचा पाय फार दुखला, आणि सपाट जागीं फळी रुतून बसली. हातांत काठ्या नसल्यानें अशा ठिकाणीं स्कीवाले हंसत पुढें जातात. तरीहि पांच दिवसांतला तिचा सर्वांत आनंदाचा दिवस हाच.

आणि सर्वांत कठीणहि हाच. सोबतची मंडळी गस्तीच्या हद्दीपलीकडच्या अस्पर्श उतारावर निघाली होती. तिलाहि त्यांनीं बोलाविलें. पायांत शक्ति होती, फळी तेथें चालली असतीच. पण पाळण्याच्या ठाण्यावरील फलकावर हिमप्रपाताचा धोका मोठा असल्याची सूचना त्या सकाळीं लागली होती. ३० ते ४५ अंशांच्या ज्या उतारावर हा खेळ रंगतो, त्याच उतारावरून नव्या बर्फाचा थर सुटून येण्याचा संभव अधिक असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं याच अफरवटावर हिमप्रपातांत दोघे पोलिश स्कीपटू प्राणांस मुकले. पुतणीनें आम्हांस विचारलें नाहीं. तिनें एकदां फलकाकडे पाहिलें आणि ती हद्दीच्या आंतच उतरली. गेलेली मंडळी संध्याकाळीं सुखरूप, हंसत परत आली. रात्रीं ती जरा उदास होती. आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं ते परत आले यावरून तो उतार सुरक्षित होता असें सिद्ध होत नाहीं. चांगल्या फळीचा हा एक दोष कोणी विक्रेता सांगत नाहीं. जेथें जाऊं नये तेथेंहि ती सहज नेते.

पांचव्या दिवशीं ऊन पडलें. वरचें बर्फ अनेकांच्या जाण्यानें ढेकळांचें झालें होतें; त्यांवरून जातांना ही हलकी फळी उडे, अधिक जड व ताठ फळी तीं कापीत गेली असती. खालीं गांवाजवळ बर्फ ओलें होऊन तळास चिकटूं लागलें. येथें दोष मेणाचा. थंड बर्फास कठीण आणि ओल्या बर्फास मऊ मेण लागतें. तें गरम इस्त्रीनें तळांत जिरवावें लागतें.

आतां निर्णय. दाबलेल्या उतारावर उत्तम, नव्या बर्फांत फार चांगली, ढेकळांवर बेताची, गोठलेल्या बर्फावर, धार असेल तरच, चालण्यासारखी. अर्थात् ही फळी साऱ्या डोंगरावर उतरते हें खरें, पण सारा डोंगर तिला सारखा नाहीं. ज्यांस एकच फळी घेणें परवडतें आणि जे मऊ बर्फाच्या प्रदेशांत जातात, त्यांनीं ती घ्यावी. ज्यांच्या वांट्यास टणक बर्फ अधिक येतें, त्यांनीं कमी उचललेल्या नाळेची पाहावी. आणि कोणतीहि घ्यावयाची ती भाड्यानें आणून प्रथम वाईट बर्फावर पाहावी. चांगल्या बर्फावर कोणतीहि फळी शहाणी दिसते.

पुतणीनें ती घेतली. सोबत एक कानस आणि दोन जातींचें मेणहि घेतलें. मेण जिरविण्यासाठीं तिनें घरची इस्त्री उचलली, तेव्हां आजीचा आवाज माजघरापर्यंत ऐकूं आला. दुसऱ्या दिवशीं जुन्या बाजारांतून एक निराळी इस्त्री आली. मेणाची इस्त्री आणि कपड्यांची इस्त्री या दोन स्वतंत्रच असाव्या, याविषयीं मात्र आमच्या घरांत मतभेद उरलेला नाहीं.