सात मिनिटांची दिंडी



वाचक माउली, गेली दोन-तीन वर्षे एकच प्रश्न मला फिरून फिरून विचारला जातो. विचारणारे बहुतेक परदेशी स्थायिक झालेल्या मुलांचे आईबाप, काही त्या मुलांचे मित्र. त्यांच्या गावी दरसाल एक मोठा उत्सव भरतो. नाना देशांचे लोक आपापला नाच, आपापले गाणे-बजावणे, आपापले पदार्थ घेऊन येतात. त्याला बहुसांस्कृतिक महोत्सव म्हणतात. मराठी मंडळींच्या वाट्याला त्यात सात मिनिटे येतात आणि त्या सात मिनिटांत त्यांना दिंडी बसवायची असते. 'महाराज, पावली शिकवा, वेष कसा असावा ते सांगा.' गुडघे उभे राहू देईनासे झाले तेव्हापासून माझे कीर्तन सुटले, त्यामुळे मला वेळ आहे असे लोकांना वाटते, आहेही. पण एकेकाला दूरध्वनीवर उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे देतो. दिंडी घेऊन त्या उत्सवाला अवश्य जा. रंगमंचावर मात्र चढू नका.

हे उत्तर दोन्ही बाजूंना रुचत नाही. आपल्यातले काही जुने वारकरी म्हणतात, शेजारच्या मंडपात मांस शिजते, मद्य विकले जाते, तिथे वीणा नेऊच नये. तिकडची मंडळी म्हणतात, महाराज, रंगमंच नसेल तर लोकांना दिसणार काय? पहिल्यांना मी एवढेच विचारतो की आळंदीपासून पंढरीपर्यंतच्या वाटेवर खानावळी नाहीत की दारूची दुकाने नाहीत? पालखी त्यांच्या दारावरूनच जाते. त्यांच्याशी वाद इथे संपला. दुसऱ्यांशी मात्र सविस्तर भांडायचे आहे.

ऐकीव गोष्टीवर भांडू नये, म्हणून आधी पाहिलेले सांगतो. माझी मुलगी कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला असते. एक उन्हाळा मी तिच्याकडे काढला. तिथे ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत 'फोकलोरामा' नावाचा उत्सव असतो. प्रांताला शंभर वर्षे झाली म्हणून १९७० साली तो एकदाच करायचा होता. लोकांना गोड लागला आणि चालूच राहिला. कॅनडा सरकारने बहुसंस्कृती हे आपले धोरण म्हणून जाहीर केले ते १९७१ साली आणि त्याचा कायदा केला १९८८ मध्ये. म्हणजे त्या गावात लोक आधी एकत्र आले, सरकार मागून आले. हे मला आवडले.

उत्सव भरात असतो तेव्हा चाळीसच्या घरात मंडप लागतात. मंडप म्हणजे आपला कापडी मांडव नव्हे. कुठे शाळेचे सभागृह, कुठे चर्चचे, कुठे बर्फावरच्या खेळाचे बंदिस्त मैदान. एकेका समाजाचा एकेक मंडप. युक्रेनचे, फिलिपिन्सचे, आयर्लंडचे, आपले भारतीय. संध्याकाळी पाऊण-पाऊण तासाचे नाचगाण्याचे प्रयोग होतात, बाजूला त्यांचे पदार्थ विकत मिळतात, एखाद्या कोपऱ्यात विणकाम आणि भांडीकुंडी मांडलेली असतात. एक पाहून झाले की लोक गाडीत बसून दुसऱ्या मंडपाकडे निघतात. रात्रीत दोन-तीन देश सहज होतात.

या सगळ्यात मन लावून पाहावे असे काही असेल तर ते मुदपाकखान्यात होते. हजारो माणसे तिथे बिनपगारी राबतात. युक्रेनच्या मंडपात बटाट्याचे सारण भरलेल्या, आपल्या करंजीसारख्या उकडलेल्या पेरोगी मिळतात. वर परतलेला कांदा घालतात. चातुर्मासात मी कांदा खात नाही. मुलीने तसे खिडकीशी सांगितले. आतून एक आजीबाई उठल्या, ज्या भांड्याला कांदा लागला नव्हता त्यातून वेगळ्या पेरोगी काढल्या आणि बाहेर येऊन माझ्या हातात ताट दिले. माझी भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची मला. त्यांच्या कमरेला पीठ लागलेले होते. मी वाकून नमस्कार केला तर त्या गडबडून गेल्या.

पण माउली, हे मागच्या खिडकीशी घडले. पुढे सभागृहात काय होते? खुर्च्या, अंधार, उजेडात नाचणारी मुले, टाळ्या. टाळ्या झाल्या की पाहणारा उठतो तो जसा आला तसाच. माझ्या बाजूला बसलेल्या गृहस्थाला त्या रात्री युक्रेनी नाच, आयरिश नाच आणि आपला भांगडा असे तीन नाच घडले. घडले म्हणजे त्याच्यापुढे घडले. त्याने ना पाय हलवला, ना कोणाचे नाव विचारले. त्याचा यात काही दोष नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाकडून उत्सवाने अधिक काही मागितलेलेच नव्हते.

नाच रंगमंचावर गेला म्हणजे त्याचे काय होते, हे त्याच देशाच्या इतिहासात स्वच्छ दिसते. तिथल्या मूळ रहिवाशांचे नाच आणि विधी कायद्याने गुन्हा ठरवले गेले होते. पश्चिम किनाऱ्यावर पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. यजमान पाहुण्यांना जेवू घालतो आणि स्वतःजवळचे धन वाटून टाकतो. १८८४ च्या दुरुस्तीने त्यावर बंदी आली. १८९५ साली मैदानी प्रदेशातल्या सूर्यनृत्यासारखे विधीही त्या बंदीखाली आणले गेले. वाटून टाकणे हा गुन्हा! आपल्याकडे कोणी अन्नदानाला तुरुंग सांगितला असता तर? ती कलमे गेली १९५१ साली. ज्यांचे आजोबा या नाचापायी पकडले जाण्याच्या धाकात जगले, त्यांच्या नातवंडांना आज उत्सवात बोलावून टाळ्या देतात. टाळ्या वाईट नाहीत. पण टाळ्या वाजवणाऱ्याला हे ठाऊक असते का? नाच दाखवला जातो, नाचामागचे सोसणे दाखवता येत नाही.

त्या लोकांचा स्वतःचा मेळा असतो, पॉववॉव म्हणतात. मुलगी मला एका मेळ्याला घेऊन गेली. तिथे रंगमंच नाही. गोल रिंगण, मोठ्या ढोलाभोवती बसलेली माणसे, एकाच ढोलावर सर्वांच्या काठ्या. आरंभीची मिरवणूक आणि प्रार्थना चालू होती तेव्हा सांगणाऱ्याने बजावले, कॅमेरे खाली ठेवा. सगळ्यांनी ठेवले. (आपल्या रिंगणावर घोंघावणारी ती उडती यंत्रे आठवून मला लाज वाटली.) मग थोड्या वेळाने पुकारा झाला, आता सर्व जमातींचा नाच, पाहुण्यांनीही यावे. आणि लोक उठले की! गोरे, काळे, फेटेवाले शीख, सगळे रिंगणात. एका वृद्धाने मला हाताने खूण केली. माझे गुडघे काय ते तुम्हाला माहीत आहे, तरी एक फेरी चाललो. पाय आपोआप पावलीच टाकत होते, आणि ढोलाच्या ठेक्यात ती बसलीही.

आता दिंडीकडे येऊ. तिकडच्या एका मराठी मंडळाने मला आपल्या सात मिनिटांची चित्रफीत पाठवली आणि अभिप्राय मागितला. मुले गोड होती. वीणा पुठ्ठ्याची, तुळस प्लॅस्टिकची, हे मी चालवून घेतो. परदेशात मिळेल तेच आणणार. गोपीचंदन टिळा ठीक होता. पण बारा मुलांच्या गळ्यात माळा होत्या, आणि सात मिनिटांनी त्या काढून, मोजून, पिशवीत भरल्या. चित्रफीत तिथपर्यंत चालूच राहिली होती म्हणून मला ते दिसले. माउली, तुळशीची माळ हा पोशाखाचा भाग आहे का? माळ घालायची तर ती वडीलधाऱ्यांच्या, गुरूंच्या हातून, एकादशीचा, वारीचा, अभक्ष्य न खाण्याचा नेम पत्करून. ती घालताना आमच्या घरी माणसे रडलेली मी पाहिली आहेत, कारण आता सुटका नाही हे त्यांना कळत असे.

आणि सात मिनिटांत कोणती दिंडी? पहाटे काकडा, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गवळणी, वाराचे अभंग, मुक्कामी हरिपाठ, समाजआरती. या क्रमाला दिवस लागतो आणि तो चालत लागतो. शिवाय दिंडीला प्रेक्षक नसतो. रस्त्याकडेला उभा असलेला शेतकरीसुद्धा पाहत नसतो, तो पाया पडत असतो, पाणी देत असतो, नाहीतर पताका घेऊन दोन मैल बरोबर चालतो.

हा दोष परदेशी मंडळींवरच ढकलू नये. २०१५ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात महाराष्ट्राचा चित्ररथ पंढरीच्या वारीचा होता आणि त्याला पहिला क्रमांक मिळाला. आनंदीआनंद झाला. चित्ररथ देखणा होता, मीही दूरदर्शनवर पाहिला. पण वारीला पहिला क्रमांक म्हणजे काय, हे मला अजून कोणी समजावून दिलेले नाही. वारीत पहिला कोण, दुसरा कोण?

यावर पूर्वपक्ष असा येतो: 'महाराज, तुमचे खरे. पण आमच्या मुलांना एवढीच तरी ओळख होते. तीही नको का?' हा प्रश्न मी हलक्याने घेत नाही. माझी स्वतःची नात तिकडे वाढते आहे. पण ओळख कशाची होते ते पाहा. मुलाला कळते की आपला एक नाच आहे, जो इतरांपुढे करून दाखवायचा असतो. घरी कोणी नसताना, कोणी पाहत नसताना तो करायचा असतो हे कळत नाही. नामदेवराय उत्तरेत गेले ते काही दाखवायला गेले का? पंजाबातल्या घुमानला आजही त्यांचे नाव आहे आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. शिखांनी ती पाहुण्याची म्हणून ऐकली नाहीत, स्वतःची म्हणून गायली.

आता आपल्या घरातले एक दुखणे बोललो नाही तर हा लेख लबाडीचा होईल. वेगळाल्या मंडपांना हसण्याचा अधिकार आपल्याला पूर्णपणे नाही. इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवले आहे की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, पण स्वयंपाक आणि पंगती वेगळ्या. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या लोकांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. त्या वेळी टाळ कुटणारे कमी होते का? चाल एक झाली पण पंगत एक झाली नाही. म्हणून काल्याचे महत्त्व. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला जो काला होतो, त्यात लाह्या, दही, लोणचे, ज्याचे जे असेल ते एकात कालवतात आणि एकमेकांच्या तोंडात घालतात. कुठला घास कोणाच्या घरचा हे ओळखू येत नाही. ओळखू येऊ नये, हेच त्याचे प्रयोजन.

तर तिकडच्या मंडळींनो, उत्सवाच्या चालकांना सांगा की आम्हाला रंगमंच नको, दोन मंडपांमधली वाट द्या. खरी वीणा एकच न्या आणि ती ज्याला नेम आहे त्याच्याकडे द्या. तसा कोणी नसेल तर वीणा नेऊ नका, टाळ पुरे. टाळांचे वीस-पंचवीस जोड जास्त घ्या. बाजूला जो उभा असेल त्याच्या हातात एक जोड द्या, मग तो युक्रेनचा असो, फिलिपिन्सचा असो. ठेका चुकेल, चुकू द्या. आपल्या दिंडीत पहिल्या वर्षी कोणाचा चुकला नाही? फुगडी घाला आणि पाहुण्याचे हात धरून घाला. शेवटी काला करा. शेजारच्या मंडपातून फळ मागा, पाव मागा, आपल्या लाह्या-दही घाला, आणि तो विकू नका. विकण्यावाचून परवानगी नाही असे म्हणाले तर मूठभर शेंगदाणे-गूळ वाटा, त्याला कोणी अडवत नाही. त्या मागच्या खिडकीशी राबणाऱ्या आजीबाईंना पहिला घास.

मुलांना पावली दूरध्वनीवरून शिकवायला मी तयार आहे, रविवारी सकाळी इथल्या सातनंतर केव्हाही. माळेचे मात्र वेगळे. ज्याला ती कायमची हवी असेल त्याने पत्र लिहावे, मी उत्तर देईन. सात मिनिटांसाठी माळा हव्या असतील तर त्या माझ्याकडे मागू नयेत.